मशीनवरचा टॅग

शुभदा हॉस्पिटलमध्ये गेली त्या सकाळी तिने भरतकामाच्या मशीनचं बटण बंद केलं आणि बटणाला आपला टॅग अडकवला. टॅग माझ्याच कंपनीतला होता. मी तळोज्याला एका केमिकल कंपनीत देखभाल विभागात फिटर होतो, आता निवृत्त आहे. तिथे पंप असो की पंखा, कामाला हात घालायच्या आधी त्याचं बटण बंद करून तिथे आपलं कुलूप आणि आपल्या नावाचा टॅग लावावा लागतो. ‘काम चालू आहे, बटण लावू नये’ असं त्यावर छापलेलं असतं. ज्याचा टॅग, त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणी काढला आणि पंप सुरू झाला, तर आत हात असलेल्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

असे काही जुने टॅग मी घरी आणले होते. शुभदाला ते फार आवडले. मी मशीनला हात लावला की काहीतरी बिघडतं, असं तिचं म्हणणं होतं. त्यामुळे काम अर्धं टाकून ती भाजी आणायला गेली तरी टॅग लावून जायची. खाली नाव, शुभदा. मी तिला म्हणायचो, अगं, हे मोठ्या मशीनसाठी असतं. ती म्हणायची, माझ्यासाठी हीच मोठी आहे.

तापाचं निमित्त झालं. दोन दिवसांत येते म्हणून गेली आणि आली नाही. जलदानाचा विधी झाला, पाहुणे गेले. आमची मुलगी अक्षता बेंगळुरूला नोकरी करते. आईच्या आजारपणात तिची सगळी रजा संपली होती, तिलाही जावं लागलं. नावडे कॉलनीतल्या आमच्या घरात मी एकटा उरलो. मशीनच्या खोलीत मी केर काढायचो, मशीनवरची धूळ पुसायचो. टॅगला मात्र हात लावत नव्हतो. तो माझा नव्हता.

एके दिवशी राजाबाई आली. ही शुभदाची धाकटी बहीण, कळंबोलीला राहते. तिच्या मुलीचं, संघप्रियाचं लग्न ठरलं होतं. आम्हा बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते. संघप्रियाच्या साडीच्या काठावर पिंपळपानं भरून द्यायची, हे शुभदाने ती लहान असल्यापासून सांगून ठेवलं होतं. राजाबाईने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता म्हणाली, “भावजी, साडी मी दादरला बघून ठेवते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मी तिला थांब म्हणालो. त्या साडीची नक्षी शुभदाने कॉम्प्युटरवर काढायला घेतली होती हे मला माहीत होतं. हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या दिवशीही ती त्यावरच बसली होती. पदर झाला होता, काठ अर्धा राहिला होता. तिच्या हातचं शेवटचं काम तेच. ते तसंच पडून राहावं आणि संघप्रियाने विकतची साडी नेसावी, हे मला नको होतं. आठवडाभर दे, असं मी राजाबाईला सांगितलं. तिने मान हलवली, पण मी हे कसं करणार असा चेहरा करूनच गेली.

मला स्वतःलाही माहीत नव्हतं. मी अक्षताला फोन लावला.

नक्षी काढायचं काम अक्षता आईच्या शेजारी बसून शिकली होती. कॉलेजात असताना कितीतरी नक्ष्या तिने पुऱ्या केल्या होत्या. ती लगेच तयार झाली, पण अडचण सांगितली. नक्षीचा प्रोग्राम जुना. तो विंडोजवरच चालतो, आणि कॉम्प्युटरला मागून पेन ड्राइव्हसारखी एक छोटी चावी लावलेली आहे, ती असली तरच उघडतो. अक्षताकडे कंपनीने दिलेला मॅक. त्यावर तो प्रोग्राम चढतच नाही. चावी कुरियरने पाठवली तरी उपयोग नव्हता.

“मग?” मी विचारलं.

“मग मला आईच्या कॉम्प्युटरवरच बसायला लागेल पप्पा. पण इथून.”

असं करता येतं हे मी ऐकून होतो. आमच्या कंपनीतही शेवटी शेवटी एक इंजिनियर पुण्यात बसून आमच्याकडचं पॅनेल बघायचा. अक्षता म्हणाली, कोणीतरी घरी येऊन एकदा सगळं लावून द्यायला हवं. मी धनेशला बोलावलं.

धनेश नावडे गावातला. चाळिशीचा आहे. त्याच्या वडिलांची शेती होती, ती भूसंपादनात गेली. आता फाट्याजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शुभदाचा कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिला होता. तो आला, आधी शुभदाच्या फोटोसमोर उभा राहिला, मग कामाला बसला. सोबत अक्षता फोनवर होती. दोघं बराच वेळ बोलत होते. मला कळलं ते इतकंच, की आमच्या राउटरमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या डब्यात, बाहेरून आत यायला एक दार उघडलं होतं. अक्षता तिच्या मॅकवरून त्या दारावर यायची, नाव आणि पासवर्ड द्यायची, की आईचा कॉम्प्युटर तिच्या पडद्यावर. त्या वेळी आमच्या घरचा पडदा कुलूप लागल्यासारखा बंद व्हायचा. एका वेळी एकच माणूस, इथला नाहीतर तिथला. ही गोष्ट मला आवडली. आमच्या टॅगसारखीच होती.

पासवर्ड धनेशने १२३४ ठेवला. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं. म्हणाला, “काका, आता चालू करून बघा. पक्का नंतर येऊन करतो.” मलाही घाई होतीच. कधी येणार, असं मी विचारलं नाही.

पहिल्याच सकाळी एक खोड निघाली. लांबून आत आल्यावर तो प्रोग्राम चावी ओळखायचाच नाही. इथे बसून कोणी आधी उघडून ठेवला, तर मात्र पुढे चालायचा. म्हणजे रोज सकाळी मला त्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावायचा, प्रोग्राम उघडायचा आणि अक्षताला फोन करायचा, ये म्हणून. मग ती ऑफिसला निघेपर्यंत काम करायची. मी माझ्या सवयीने एक नियम केला. कोरा टॅग घेऊन त्यावर अक्षताचं नाव लिहिलं. तिला फोन केला की तो पडद्याला अडकवायचा. झालं म्हणून तिचा फोन आला की काढायचा. तिला हे ऐकून हसू आलं. म्हणाली, मी काही पंपात हात घातलेला नाही. मी म्हटलं, घरात कोण आहे ते मला कळायला हवं.

तिलाही तिथे अडचणी होत्याच. मॅकवर जे बटण दाबून चूक मागे घेतात, ते विंडोजला कळत नाही. सुरुवातीला ती सवयीने तेच दाबायची आणि भलतंच काहीतरी व्हायचं. आईने तिच्या नक्ष्यांना माणसांची नावं दिली होती, मराठीत. अक्षता म्हणाली, इथे बसून ती नावं वाचताना बरं वाटतं.

एकदा काम झाल्यावर मी पडदा पाहिला आणि घाबरलो. पिंपळपानं सगळी गुलाबी. मी लगेच फोन केला, पांढऱ्या साडीवर गुलाबी पानं राजाबाई घरात घेणार नाही म्हणून. अक्षता इतकी हसली की तिला बोलता येईना. पडद्याची जमीन पांढरी, त्यावर पांढरा दोरा दिसत नाही, म्हणून आई पांढऱ्याला गुलाबी करून काम करायची. मशीनमध्ये दोरा पांढराच लावायचा. आई गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. नंतर मीही हसलो.

काठ पुढे सरकत होता. आता दोन सकाळी लागतील, असं तिने सांगितलं तेव्हा मी राजाबाईला फोन करून दादरला जाऊ नकोस म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम उघडला आणि स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेलो. अक्षताला अजून फोन केला नव्हता. परत आलो तर पडदा बंद. कुलूप लागलेला. म्हणजे तिकडून कोणीतरी आत होतं.

मला वाटलं, फोनची वाट न बघता अक्षता आली असेल. पण टॅग टेबलावर होता, मी तो अडकवलेला नव्हता. मी फोन लावला. पलीकडे गर्दीचा आवाज येत होता.

“पप्पा, मी मेट्रोत आहे. आज ऑफिसला लवकर बोलावलंय. मेसेज केला होता, बघितला नाही का?”

“मग आत कोण आहे?”

ती म्हणाली, “बंद करा. पप्पा, आत्ता बंद करा.”

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. कॉम्प्युटर बंद होईना. खाली ठेवलेली बॅटरी पीप पीप ओरडायला लागली आणि कॉम्प्युटर चालूच. ती बॅटरी शुभदाने लाइट गेल्यावर काम जाऊ नये म्हणून घेतली होती. मी खाली वाकलो, तिचं बटण शोधलं आणि दाबून धरलं. आवाज थांबला, पंखा थांबला. मग मी राउटरची वायर काढली. राउटरही त्याच बॅटरीवर होता, तो आता कशावर चालणार, पण तरीही काढली.

त्यानंतर मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. कंपनीत आग लागली होती तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. आत कोण होतं, किती वेळ होतं, काय नेलं, काय पुसलं, काही माहीत नाही. अचानक बंद केल्यामुळे नक्षी गेली असेल का, तेही माहीत नाही. अक्षता परत परत फोन करत होती. तिलाही तेच विचारायचं होतं, पण ती विचारत नव्हती.

मी बोलावल्यावर धनेश लगेच दुकान बंद करून आला. त्याचा चेहरा उतरला होता. मी कॉम्प्युटर परत लावायला जात होतो, त्याने माझा हात धरला.

“काका, लावू नका. तो आत काय ठेवून गेलाय ठाव नाय. तुमी बटन बंद केलाव ते बरा केलाव.” मग त्याने विचारलं, “मावशीच्या नक्ष्या दुसरीकडे कुठं ठेवल्यात का? पेन ड्राइव्ह, काय पन?”

ठेवल्या नव्हत्या. एक एक नक्षी मशीनला द्यायला शुभदा पेन ड्राइव्ह वापरायची, काम झालं की पुसायची.

धनेशने कॉम्प्युटर उघडून आतली डिस्क काढली. ती त्याने स्वतःच्या लॅपटॉपला जोडली, पण लॅपटॉपचं इंटरनेट आधी बंद केलं. डिस्कवर काहीही चालवायचं नाही, फक्त वाचायचं आणि उतरवून घ्यायचं, असं त्याने मला समजावून सांगितलं. मी त्याच्यामागे उभा होतो. नावांची यादी खाली उतरत गेली. खालच्या घरातल्या पुतळाच्या मुलीचं झबलं, विहारातला पडदा, अक्षताचा रुमाल. संघप्रियाचं नाव दिसेना. धनेश सरकवत राहिला. मग ते दिसलं, सगळ्यात शेवटी.

“हाय,” धनेश म्हणाला.

मी खुर्चीवर बसलो. अक्षता फोनवरच होती. “आहे?” तिने विचारलं. मी आहे म्हणालो. मग ती रडली. मेट्रोतून उतरून कुठल्यातरी स्टेशनवर उभी होती.

काय झालं होतं ते धनेशने कॉम्प्युटरच्या नोंदीत पाहिलं आणि काही न लपवता सांगितलं. असं दार बाहेर उघडं ठेवलं, की जगात कुठेतरी बसलेली माणसं, खरं तर त्यांचे प्रोग्राम, दिवसरात्र येऊन पासवर्ड लावून बघत असतात. आमचं दार उघडल्यापासून तेच चाललं होतं. १२३४ त्यांना सापडायला वेळ लागला नाही. त्या दिवशी जो आत आला त्याने स्वतःसाठी एक नवीन नाव तयार केलं आणि कसलातरी प्रोग्राम उतरवायला घेतला. तो पुरा उतरायच्या आत बटण बंद झालं. उतरला असता तर सगळ्या नक्ष्यांना त्याचं कुलूप लागलं असतं आणि ते उघडायला त्याने पैसे मागितले असते.

“पक्का करायला मी यायला हवा होता,” धनेश म्हणाला. मी म्हटलं, मीही बोलावलं नाही.

या वेळी तो घाईत नव्हता. डिस्क पूर्ण पुसून त्याने विंडोज नव्याने टाकलं, नक्षीचा प्रोग्राम शुभदाच्या कपाटातल्या सीडीवरून चढवला, चावी लावली. राउटरमधलं बाहेरचं दार बंद केलं. मग अक्षता आत येणार कशी, असं मी विचारलं, तर त्याने दाखवलं. आता अक्षताचा मॅक आणि आमचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक खाजगी बोगदा होता. त्याचं तोंड बाकी कोणाला दिसत नाही. बोगद्यात शिरायला अक्षताच्या मोबाइलवर येणारा आकडा लागतो. बोगद्यातून आल्यावरही पासवर्ड आहेच. तो अक्षताने ठरवला, चांगला लांब, आणि मला सांगितला नाही. काही वेळा चुकला तर दार आपोआप थोडा वेळ बंद होतं. नक्ष्यांची एक प्रत रोज वेगळ्या डिस्कवर उतरवायची आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवायची, हे काम माझ्याकडे आलं.

“आनि तुमचा टॅग,” धनेश म्हणाला, “तो राहू द्या. त्यानंच कळला.”

बोगदा पहिल्यांदा जोडायची वेळ आली. मी प्रोग्राम उघडला, राउटरची वायर लावली, अक्षताला फोन केला आणि तिचा टॅग अडकवला. पडदा बंद झाला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मी आत आहे पप्पा. नक्षी समोर आहे.” त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

शनिवारी काठ पूर्ण झाला. अक्षताने नक्षी मशीनच्या भाषेत करून ठेवली, मी ती पेन ड्राइव्हवर घेतली. कोरी पांढरी साडी राजाबाई देऊन गेली होती. फ्रेमला कापड कसं ताणायचं, सुईत दोरा कसा ओवायचा, खालची बॉबिन कशी बसवायची, हे सगळं अक्षताने फोनवर कॅमेरा लावून माझ्याकडून करून घेतलं. मी फिटर असल्यामुळे हे जमलं. मशीन तयार झालं.

मग मी बटणापाशी गेलो आणि थांबलो. शुभदाचा टॅग तिथे होता.

“काय झालं?” अक्षताने विचारलं.

मी फोन वळवून तिला टॅग दाखवला. तिने तो ओळखला. मग तिने विचारलं, “कंपनीत काय करतात पप्पा? टॅग लावलेला माणूस नसेल तर?”

त्यालाही नियम असतो. टॅग तसाच ठेवून माणूस घरी गेला, असं कधी कधी होतं. मग एकट्याने काढायचा नाही. दोघांनी मिळून आधी खात्री करायची की तो माणूस आवारात नाही, आणि मशीनमध्ये कोणाचा हात नाही. मग दोघांच्या देखत टॅग काढायचा. मी तिला हे सांगितलं.

“आपण दोघं आहोत,” ती म्हणाली.

मी मशीनभोवती एक फेरी मारली. फ्रेम पाहिली, सुया पाहिल्या, खाली वाकून पाहिलं. अक्षताला कॅमेऱ्यातून सगळीकडून दाखवलं. मशीन मोकळं आहे, असं मी म्हणालो. तीही म्हणाली, “मशीन मोकळं आहे.” राहिलेली गोष्ट मला मोठ्याने म्हणता येईना.

तीच म्हणाली, हळू आवाजात. “आई इथे नाही.”

मी टॅगची दोरी सोडवली. गाठ शुभदाची होती, घट्ट मारलेली, नखाने सोडवावी लागली.

“झालं?” अक्षताने विचारलं.

“एक राहिलं. ज्याचा टॅग होता त्याला कळवायचं असतं, की तुझा टॅग आम्ही काढला. त्याशिवाय नियम पुरा होत नाही.”

“मग सांगा.”

मी टॅग हातात घेऊन मशीनसमोर उभा राहिलो. मला फार बोलता येत नाही. मी म्हणालो, “शुभदा, मी आणि अक्षताने टॅग काढला. साडी भरायला घेतोय. दोरा पांढराच लावलाय.”

मग बटण लावलं. दिवा लागला, मशीनने स्वतःची फ्रेम मागेपुढे करून पाहिली, नेहमी करायचं तसं. मी सुरूचं बटण दाबलं आणि सुई चालू लागली. खालच्या घरातली पुतळा जिन्यात येऊन वर बघून विचारत होती, मशीन लागली का म्हणून. मी हो म्हणालो. पहिल्या पानाचा देठ झाला, मग एक बाजू भरली. पांढऱ्यावर पांढरं, जवळ जाऊन बोट फिरवलं तरच कळेल असं. मी फोन अगदी जवळ नेला.

“दिसतंय का?” मी विचारलं.

“दिसत नाही,” अक्षता म्हणाली. “आवाज येतोय. राहू द्या तसाच.”

मी फोन मशीनशेजारी ठेवला आणि दोरा तुटतोय का ते बघत उभा राहिलो.